हस्ते-परहस्ते आलेले स्पॅनिश वाङ्मय



स्पॅनिश वाङ्मय म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते : हडकुळ्या घोड्यावर बसलेला, हाती भाला घेतलेला एक वृद्ध गृहस्थ आणि त्याच्यासमोर गरगरणारी पवनचक्की. ह्या चित्रापलीकडे त्या वाङ्मयाशी आपला काही ऋणानुबंध असेल, असे सहसा मनात येत नाही. पोर्तुगीज गोव्यात आले, इंग्रज मुंबईस आले. स्पेनचे लोक मात्र आपल्या किनाऱ्यावर राज्य करावयास कधी आले नाहीत. मग त्यांचे ग्रंथ आपल्याकडे कोणत्या वाटेने येणार? पण ही देवघेव सातशे वर्षांहून जुनी आहे. ती बहुधा थेट झाली नाही, हस्ते-परहस्ते झाली, आणि ज्या हातांनी ती केली त्यांची हकीकत मूळ ग्रंथांइतकीच ऐकण्याजोगी आहे. आज त्या हातांविषयीच मुख्यत्वे बोलावयाचे आहे.

आरंभ आपल्याच घरातून करू. पंचतंत्रातील सातूच्या पिठाचे मडके उशाशी टांगून निजणारा ब्राह्मण आपणां सर्वांस लहानपणापासून ठाऊक आहे. पिठाच्या शेळ्या, शेळ्यांच्या गायी, गायींचे घर, घरात बायको, तिला मुलगा सोमशर्मा. शेवटी मनातल्या बायकोला लाथ मारावयास गेला आणि मडके फुटून स्वतःच पांढरा झाला. हीच कथा सहाव्या शतकात बुर्झोय नावाच्या इराणी वैद्याने पहलवी भाषेत नेली. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ती अरबीत आणली. आपले करटक आणि दमनक तेथे ‘कलीला’ आणि ‘दिम्ना’ झाले. अरब स्पेनमध्ये गेले, त्यांच्या सामानात हे दोघे कोल्हेही गेले. इ. स. १२५१ च्या सुमारास कास्तीलचा राजपुत्र अल्फोन्सो, जो पुढे दहावा अल्फोन्सो म्हणून गादीवर बसला, त्याच्या आज्ञेने हा ग्रंथ अरबीतून कास्तीलच्या लोकभाषेत उतरला. आज आपण जिला स्पॅनिश म्हणतो ती हीच भाषा. तिच्यातील कथा-गद्याच्या अगदी आरंभीच्या ग्रंथांत ह्याची गणना होते.

पुढे ह्याच राजाचा पुतण्या दोन ह्वान मान्वेल ह्याने १३३५ मध्ये ‘एल कोंदे लुकानोर’ हा कथासंग्रह लिहिला. त्यात त्रुहाना नावाची एक बाई डोक्यावर मधाचे मडके घेऊन बाजाराला निघते. मध विकून अंडी घेईन, अंड्यांची पिल्ले होतील, पिल्ले विकून मेंढ्या, मग मुलांची लग्ने. आणि ह्या थाटामाटाच्या आनंदात ती हसत हसत कपाळावर हात मारून घेते. मडके खाली! सातूचा मध झाला, ब्राह्मणाची बाजारकरीण झाली, लाथेच्या जागी हात आला. पण मडके फुटावयाचे ते फुटलेच. चार भाषांच्या चार हातांतून जाऊनही कथेचा प्राण जेथल्या तेथे राहिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्या काळात स्पेनमध्ये काय चालले होते आणि आपल्याकडे काय, हे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. ‘एल सिद’ ह्या वीरावरील महाकाव्याच्या उपलब्ध हस्तलिखितात १२०७ चा निर्देश आहे. आपली ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची. तिकडे लॅटिन आणि इकडे संस्कृत ह्या दोन थोर भाषांच्या सावलीतून दोन लोकभाषा जवळपास एकाच शतकात उन्हात येत होत्या. १४९२ साली आंतोन्यो दे नेब्रिहाने कास्तीलच्या भाषेचे व्याकरण छापले. युरोपातील एखाद्या बोलत्या भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानले जाते.

परंतु व्याकरण छापले म्हणून लोकभाषेला सर्व दारे उघडी झाली, असे नाही. फ्राय लुइस दे लेओन हा सालामांका विद्यापीठातील अध्यापक आणि श्रेष्ठ कवी. बायबलातील ‘गीतरत्न’ ह्या भागाचा त्याने कास्तीलच्या भाषेत अनुवाद केला, हा त्याच्यावरील आरोपांपैकी एक आरोप होता. १५७२ ते १५७६ अशी सुमारे पावणेपाच वर्षे धर्मन्यायसभेने त्याला वाय्यादोलीद येथे तुरुंगात ठेवले. आता आपल्याकडे वळा. ह्याच काळात, शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, पैठणचे एकनाथ काशीस बसून भागवताच्या अकराव्या स्कंधावरील आपली मराठी टीका पूर्ण करीत होते. संस्कृतातले मराठीत आणले म्हणून काशीच्या पंडितांनी नाथांना जाब विचारला आणि शेवटी त्या ग्रंथाची हत्तीवरून मिरवणूक निघाली, अशी परंपरा सांगते. परंपरेतला तपशील कोणी जसा घ्यावयाचा तसा घ्यावा. पण एकच गुन्हा, एकाच वेळी, दोन खंडांत, दोन धर्मांत घडत होता, हे तारखाच सांगतात. मी स्वतः कॅथलिक आहे. धर्मन्यायसभेच्या त्या कृत्याचे समर्थन करावे असे मला कधी वाटले नाही. आणि लुइसच्या कविता वाचताना तर मुळीच वाटत नाही.

त्याच पिढीत आविलाची संत तेरेसा (१५१५–१५८२) आणि संत योहान (१५४२–१५९१) होऊन गेले. तेरेसाने १५७७ मध्ये आत्म्याला सात दालनांचा वाडा कल्पून ‘लास मोरादास’ हा गद्यग्रंथ लिहिला. तिची भाषा विदुषीची नाही, घर चालविणाऱ्या बाईची आहे. विहीर, रहाट, बागेला पाणी देणे ह्या उपमा तिच्या लेखणीतून आपोआप येतात. योहानाला त्याच्याच संघातील विरोधकांनी तोलेदोत कोंडून ठेवले, तेथे त्याने आपल्या उत्तम कवितांतील काही रचल्या. जनाबाईचे जाते आणि तुकोबांच्या इंद्रायणीत बुडविलेल्या वह्या ज्यांना माहीत आहेत, त्यांना ह्या मंडळींची ओळख करून देण्यास फार शब्द लागत नाहीत.

ह्या भक्तिवाङ्मयाची एक धारा खरोखर आपल्या किनाऱ्याला लागली, आणि तीही मध्ये तिसरी भाषा न येता. बेर्नार्दिनो दे व्हिल्येगास ह्या स्पॅनिश जेझुइट पाद्र्याचा ‘सोलिलोकिओस दिव्हिनोस’ हा ग्रंथ, म्हणजे एकट्या जीवाने देवाशी केलेले भाषण, पाद्री जुवांव द पेद्रोझ ह्यांनी गोव्याच्या लोकभाषेत, म्हणजे कोंकणीत आणला. १६६० साली तो गोव्यात छापला गेला. ‘देवाचीं एकांग्र बोलणीं’ असे त्याचे देशी नाव होते. अनंत काकबा प्रियोळकरांनी गोव्यातील जुन्या छपाईचा जो इतिहास खणून काढला, त्यामुळे आपणांस अशा पुस्तकांची वार्ता लागली. फादर स्टीफन्स ह्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ चे, हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्यांच्यामागून आलेल्या पेद्रोझांचे नाव फारसे कोणी घेत नाही. स्पॅनिश साहित्यातील एक पुस्तक साडेतीनशे वर्षांपूर्वी मांडवी-जुवारीच्या काठच्या बोलीत बोलू लागले होते, एवढे तरी आपण लक्षात ठेवावयास हवे.

ते बोलणे टिकले नाही. १६७४ नंतर गोव्यातील छापखाने बंद पडले, ते १८२१ पर्यंत उघडले नाहीत. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर ह्याने हुकूम काढला की तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या राज्याच्या आश्रयाने पाद्री लोकांची भाषा शिकले, त्याच राज्याने ती भाषा मोडीत काढण्याचा घाट घातला. आमच्या मोहगावसारख्या गावात, जेथे १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या तेव्हा नागपूर एकीकडे गेले आणि सौंसर-पांढुर्णा दुसरीकडे राहिले, तेथे ह्या हुकमाची गोष्ट मुलांना सांगितली तर ती मुले निमूटपणे ऐकतात. सुदैवाने असा हुकूम आमच्यावर कोणी काढला नाही. पण घरात मराठी आणि पाटीवर हिंदी ही विभागणी त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे, आणि हुकमावाचूनही भाषा आक्रसते हे त्यांना कळते.

आता त्या हडकुळ्या घोड्याकडे येऊ. त्याच्या आधी १५५४ मध्ये ‘लासारिल्यो दे तोर्मेस’ ही छोटी निनावी कादंबरी निघाली. एका अनाथ पोराने आपल्या एकेका धन्याची सांगितलेली ती कथा. त्यांतला एक धनी सरदार म्हणून मिरवतो. घरात अन्नाचा कण नाही, पण दारात उभा राहून दात कोरतो, जणू नुकताच भरपेट जेवला. मिशांना तूप लावून फिरणे म्हणतात ते हेच! १५५९ मध्ये हे पुस्तक निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेले, तरी त्याने काढलेली वाट बुजली नाही.

मिगेल दे सेर्व्हान्तेस हा १५४७ चा. १५७१ मध्ये लेपान्तोच्या आरमारी लढाईत त्याचा डावा हात निकामी झाला. १५७५ ते १५८० तो अल्जीयर्समध्ये गुलाम होता. ‘दोन किहोते’चा पहिला भाग १६०५ मध्ये आणि दुसरा १६१५ मध्ये निघाला, आणि १६१६ च्या एप्रिलात, म्हणजे ‘ख्रिस्तपुराणा’च्याच वर्षी, तो वारला. आपण ‘क्विक्झोट’ म्हणतो ते इंग्रजी वळण. आजचे स्पॅनिश लोक ‘किहोते’ म्हणतात, आणि सेर्व्हान्तेसच्या काळी तो उच्चार ‘किशोते’ असा काहीसा होता. नावानेच इतक्या जणांच्या तोंडून प्रवास केला आहे.

ह्या ग्रंथातील एक खुबी आपल्या विषयाला अगदी लागू पडते. सेर्व्हान्तेस सांगतो की ही कथा माझी नव्हेच. सिदे आमेते बेनेन्हेली नावाच्या अरबी इतिहासकाराची ती वही तोलेदोच्या बाजारात मला मिळाली, आणि काही मण मनुका व गहू देऊन मी ती एका अरबी जाणणाऱ्याकडून भाषांतरित करून घेतली. स्पॅनिश भाषेतील सर्वांत मोठा ग्रंथ आपण अनुवाद असल्याचे सोंग घेऊन उभा आहे! दुसऱ्या भागात बार्सेलोनाच्या छापखान्यात गेलेला नायक म्हणतो की भाषांतर वाचणे म्हणजे चित्रांचा विणलेला पडदा उलट्या बाजूने पाहणे. आकृती दिसतात, पण धाग्यांच्या गाठींनी त्या धूसर होतात. सेर्व्हान्तेसने पैठणी पाहिली नव्हती. हातमागावरील अस्सल पैठणी उलटून पाहिली तरी तिचा पदर जवळजवळ तसाच दिसतो. भाषांतर तसे उतरू शकते की नाही, हाच खरा वाद आहे.

ह्या वादात एक विलक्षण साक्षीदार पुण्यातून पुढे आला आहे. बॉस्टनचे एक धनिक ग्रंथसंग्राहक कार्ल टिल्डन केलर ह्यांना ‘दोन किहोते’ची नाना भाषांतील भाषांतरे जमविण्याचा छंद होता. संग्रहात संस्कृत नाही, ही खंत त्यांनी ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी भाषांतरकार सर ऑरेल स्टाइन ह्यांच्या कानी घातली. स्टाइन ह्यांनी आपले काश्मिरी स्नेही पंडित नित्यानंद शास्त्री ह्यांना गळ घातली. शास्त्रीबुवांनी आणि पंडित जगद्धर जाडू ह्यांनी १९३५ ते १९३७ च्या दरम्यान पहिल्या भागातील निवडक प्रकरणे गीर्वाणवाणीत आणली. त्यांना स्पॅनिश येत नव्हते. हाताशी होते अठराव्या शतकातील चार्ल्स जार्व्हिसचे इंग्रजी भाषांतर. हस्तलिखित हार्वर्डला गेले आणि तेथे विस्मृतीत पडून राहिले. द्रागोमीर दिमित्रोव ह्या विद्वानाने ते शोधून संपादिले, आणि २०१९ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पाली विभागाच्या ग्रंथमालेत ते प्रकाशित झाले. ला मांचाचा गृहस्थ श्रीनगर आणि बॉस्टन असा वळसा घालून शेवटी पुण्यात पोहोचला. छंदिष्ट माणसाच्या हातून कधी कधी असे काम होते, जे संस्थांच्या ठरावांनी होत नाही.

संस्कृतात नायक शोभतो, ह्यात शंका नाही. तो जुन्या वीरकथा वाचून वेडा झालेला. त्याला जुनी, भारदस्त भाषाच हवी. पण सांचोचे काय? सांचो पांसा हा गाढवावर बसणारा शेतकरी, म्हणींशिवाय एक वाक्य न बोलणारा. दुसऱ्या भागात तो आपल्या कल्पित बेटाचा सुभेदार व्हावयास निघतो, तेव्हा धनी त्याला म्हणी आवर म्हणून बजावतो, आणि उत्तरादाखल सांचो आणखी चार म्हणी टाकतो. अशा माणसाला देववाणीत बोलावयास लावणे म्हणजे नांगरकऱ्याला सोवळे नेसविणे होय. माझे मत विचाराल तर त्याच्यासाठी शुद्ध पुणेरी मराठीही कामाची नाही. त्याने ‘काहून’ म्हणावे, ‘मले-तुले’ म्हणावे, ‘काखेत कळसा अन् गावाले वळसा’ म्हणावे. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडची मराठी पाठ्यपुस्तकात अशुद्ध ठरते. सांचोच्या तोंडी ती घातली तर एकही शब्द अशुद्ध वाटणार नाही. आणि किहोते मेंढ्यांच्या कळपांना शत्रूची सैन्ये समजून धावून जातो व धनगर त्याला गोफणगुंड्यांनी बडवून काढतात, तो प्रसंग तर जांब नदीच्या काठी, जेथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, तेथील लोकांस टीपेवाचून कळेल.

नाटकांविषयी थोडक्यात सांगतो. लोपे दे व्हेगाच्या ‘फ्वेन्ते ओव्हेहुना’त एक गाव आपल्या जुलमी अधिकाऱ्याला ठार मारते, आणि कोणी मारले म्हणून छळ केला तरी प्रत्येकजण गावाचेच नाव सांगतो. काल्देरोनचे ‘जीवन हे स्वप्न’ हे नाटक १६३० नंतरच्या दशकातले. भविष्याच्या भीतीने राजपुत्राला जगापासून कोंडून ठेवणारा बाप त्यात आहे, आणि त्यामागे बार्लाम व योसाफाट ह्यांची संतकथा उभी आहे. ही संतकथा म्हणजे मुळात भगवान बुद्धांचे चरित्र. ‘बोधिसत्त्व’ शब्दच तोंडातोंडी बदलत ‘योसाफाट’ झाला. ख्रिस्ती युरोपाने शतकानुशतके ह्या नावाने एका भारतीय राजपुत्राला संत म्हणून वंदन केले, आणि ते कोणास कळलेही नाही.

अठरावे शतक सोडून देतो. एकोणिसाव्याचा बराच भागही. १८८८ मध्ये निकाराग्वाच्या रूबेन दारीओचा ‘आसूल’ हा संग्रह चिलीत निघाला, आणि स्पॅनिश कवितेचे केंद्र प्रथमच समुद्रापलीकडे गेले. दारीओ १८६७ चा, आपले केशवसुत १८६६ चे. एकाच पिढीने दोन भाषांत जुनी छंदोबद्ध मरगळ झटकली. १८९८ मध्ये स्पेनने क्यूबा, फिलिपिन्स गमावले आणि त्या पराभवातून ‘अठ्ठ्याण्णवची पिढी’ म्हणून ओळखले जाणारे लेखक आत्मपरीक्षण करू लागले. त्यांतला आंतोन्यो माचादो सोरिया ह्या लहान गावी शाळेत फ्रेंच शिकवीत असे. त्याच्या ‘काम्पोस दे कास्तीया’ (१९१२) मधील ओसाड माळ शिक्षकाच्या पायी फिरण्यातून आले आहेत. एका शिक्षकाने दुसऱ्याविषयी पक्षपात केला तर श्रोत्यांनी क्षमा करावी.

ह्याच सुमारास पुन्हा आपल्याकडून तिकडे एक ग्रंथ गेला. सेनोब्या काम्प्रुबी ह्या विदुषीने रवींद्रनाथांचे ‘द क्रेसेंट मून’ इंग्रजीवरून स्पॅनिशमध्ये आणले, आणि कवी ह्वान रामोन हिमेनेथने त्या गद्याला हात फिरविला. १९१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढे त्या दोघांचा विवाह झाला आणि टागोरांची पुस्तकामागून पुस्तके स्पॅनिश झाली. १९५६ मध्ये हिमेनेथला नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि तीनच दिवसांनी सेनोब्या निवर्तली. बंगालीतून इंग्रजी, इंग्रजीतून स्पॅनिश; तरी स्पॅनिश वाचकांच्या कित्येक पिढ्या ह्या टागोरांवर वाढल्या. दुसऱ्या हाताचे भाषांतर म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे. बोर्हेससारखा अर्जेंटिनी लेखक तर सांगे की ‘दोन किहोते’ आपण लहानपणी प्रथम इंग्रजीत वाचले, आणि पुढे मूळ स्पॅनिश हाती आले तेव्हा तेच वाईट भाषांतर वाटले!

गार्सिया लोर्काला १९३६ च्या ऑगस्टमध्ये, यादवीच्या आरंभीच, गोळ्या घालण्यात आल्या. वय अवघे अडतीस. त्याच वर्षी लिहिलेले ‘बेर्नार्दा आल्बाचे घर’ रंगभूमीवर येण्यास १९४५ साल उजाडले, आणि तेही ब्वेनोस आयरेसमध्ये. गोविंद निहलानींनी १९९१ मध्ये त्याचा ‘रुक्मावती की हवेली’ हा चित्रपट केला. बंद वाड्यात तरुण मुलींना कोंडणारी विधवा आई राजस्थानी पोशाखात जराही परकी वाटत नाही.

मेक्सिकोचे ओक्ताव्यो पास १९५१ मध्ये बोटीने मुंबईस उतरले, ते प्रथम. १९६२ पासून ते भारतात राजदूत होते. १९६८ च्या २ ऑक्टोबरला त्यांच्या सरकारने राजधानीत विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या तेव्हा त्यांनी त्या पदाचा त्याग केला, आणि देश सोडण्यापूर्वी ते घारापुरीस जाऊन आले. तेथील शिव-पार्वतींना उद्देशून त्यांची एक कविता आहे. मुंबईच्या बंदरातले ते बेट अशा रीतीने स्पॅनिश कवितेत कायमचे गेले.

शेवटी दोन छोट्या पुस्तकांविषयी. १९५५ मध्ये मेक्सिकोत ह्वान रुल्फोची ‘पेद्रो पारामो’ निघाली. त्याच वर्षी आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ निघाली. दोन्हींत एक तरुण परक्या, उजाड गावात पायी येऊन पोहोचतो. रुल्फोचा नायक बापाच्या शोधात येतो, माडगूळकरांचा मास्तर शाळा चालवावयास. कोमाला गावात त्याला भेटणारी माणसे एकेक करून मेलेली निघतात. बनगरवाडीतली माणसे शेवटी दुष्काळाने गाव सोडून चालती होतात. गार्सिया मार्केसने आपल्या १९६७ च्या ‘एकांताची शंभर वर्षे’ ह्या कादंबरीपूर्वी रुल्फो पुनःपुन्हा वाचला होता, हे त्याने स्वतः सांगितले आहे. त्याचे माकोंदो गाव कोमालाच्या वाटेवरचेच आहे. माडगूळकरांच्या आणि रुल्फोच्या मध्ये मात्र कोणतेही भाषांतर नव्हते, कोणी पंडित नव्हता, पाद्री नव्हता, छंदिष्ट धनिकही नव्हता. माणदेशात आणि हालिस्कोत पाऊस पडला नाही, एवढेच दोघांना ठाऊक होते.